वैद्याचे आजारपण

जालना जिल्ह्यात नैराश्याची चर्चा होते ती शेतकऱ्यांच्या संदर्भात. आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांसाठी शासनाने २०१५ साली ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात जालन्याचा समावेश झाला आणि हा शब्द सरकारी परिपत्रकांतून गावोगाव पोहोचला. परंतु ज्याने उद्या या रुग्णांना औषध द्यायचे, तोच त्या आजाराने ग्रासलेला असेल तर काय, हा प्रश्न मात्र मोकळेपणाने विचारला जात नाही. २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून तो दूरचाही राहिलेला नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने त्याच वर्षी दिलेल्या अहवालात २५,५९० पदवीपूर्व विद्यार्थ्यांची उत्तरे आहेत. त्यांपैकी २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे नोंदविले. स्वेच्छेने भरलेल्या प्रश्नावलीचे आकडे जपूनच वापरावेत हे खरे. पण हे प्रमाण निम्मे धरले तरी शंभरांच्या वर्गात तेरा-चौदा विद्यार्थी होतात.

भोकरदन वा परतूरच्या एखाद्या घरातून मुलगी वैद्यकीय शाखेला जाते, तेव्हा लातूरच्या शिकवणीवर्गांपासून वसतिगृहापर्यंतचा खर्च सारे कुटुंब पोट मारून सोसत असते. अशा मुलीने दुसऱ्या वर्षी मानसोपचाराच्या गोळ्या सुरू केल्या, तर ती गोष्ट प्रथम घरापासूनच लपविली जाते. स्थळ पाहणाऱ्यांना कळू नये म्हणून औषधाची चिठ्ठी ओळखीच्या दुकानात जात नाही. ‘डॉक्टर होणारीलाच डॉक्टर लागतो?’ हा टोमणा तर ठरलेलाच.

वस्तुतः कायदा या मुलीच्या बाजूचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा हक्क मानला, आणि केवळ मानसिक आजार आहे म्हणून कोणास विकल मनाचा समजता येणार नाही, असेही स्पष्ट केले. मधुमेहाच्या गोळ्या घेणारा शल्यविशारद कोणास खटकत नाही. नैराश्याच्या औषधांचा गुण दिसू लागण्यास काही आठवडे जातात आणि बरे वाटू लागल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागतात. या काळात बहुतेकांना अभ्यास करता येतो. काहींना तो करता येत नाही, हेही नाकारण्यात अर्थ नाही. अशांना रजा मिळावी, आणि परतल्यावर तिची नोंद डाग म्हणून वाचली जाऊ नये. रुग्णास खरा धोका असतो तो उपचार लपविणाऱ्या किंवा टाळणाऱ्या डॉक्टरपासून. आणि उघड बोलणाऱ्यालाच शिक्षा होणार असेल, तर लपविणारेच तेवढे वाढतील, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

हे भय केवळ मराठवाड्याचे नाही. न्यूयॉर्कच्या डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी महासाथीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये आयुष्य संपविले. उपचार घेतल्याचे कळले तर परवाना जाईल, अशी धास्ती त्यांना होती, असे त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितले. २०२२ मध्ये अमेरिकेत त्यांच्या नावाने कायदा झाला.

आपल्याकडे त्या कृतिगटाने निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचविली. १९४८ च्या कारखाना कायद्याने जालन्याच्या पोलाद कारखान्यातील कामगारासाठी ती ४८ तासांवर ठेवली होती! तरीही ७४ तासांचे पालन झाले तरी पुष्कळ, अशी स्थिती आहे.

जालन्यासारख्या नव्या महाविद्यालयात खरी अडचण आणखी वेगळी आहे. तेथे मानसोपचाराचा विभाग एकच असणार, आणि जो उपचार करील तोच पुढे शिकविणार व गुणही देणार. अशा प्राध्यापकासमोर कोणता विद्यार्थी मन मोकळे करील? ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे व तो उपयोगीही आहे, पण दूरध्वनीवरील समुपदेशन म्हणजे वर्षभराचा उपचार नव्हे. त्यापेक्षा जालन्याच्या विद्यार्थ्यांवर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय महाविद्यालयात आणि तेथील विद्यार्थ्यांवर जालन्यात उपचार व्हावेत, कागदपत्रे अधिष्ठात्यांच्या कार्यालयात जाऊ नयेत, आणि त्या दिवसाची हजेरी कापली जाऊ नये, एवढी व्यवस्था दोन अधिष्ठात्यांना एका पत्रव्यवहारात करता येईल. अंतर साठ-बासष्ट किलोमीटरचे आहे, आणि एस. टी. दिवसभर धावते.