चित्रपट-मंडळ कशासाठीं?

मागील मासीं या सदरांत गांवोगांवच्या वाचनालयांविषयीं लिहिलें होतें. आजचा विषय त्याच्याच शेजारचा आहे. चित्रपट ही आतां दुर्मिळ वस्तु राहिलेली नाहीं. ती खिशांतल्या यंत्रांत मावते आणि अंथरुणावर पडल्यापडल्या पाहतां येते. अशा काळीं कांहीं गृहस्थांनीं व गृहिणींनीं वर्गणी भरावी, नेमल्या दिवशीं नेमल्या जागीं जमावें, दोन तास अंधारांत मुकाट्यानें बसावें, आणि चित्र संपल्यावर घरची वाट धरण्याऐवजीं त्यावर तासभर बोलत राहावें, हें पुष्कळांस वेडेपणाचें वाटेल. तरी असा वेडेपणा करणारीं मंडळें जगांत शंभर वर्षें चालत आलीं आहेत, आणि त्यांतील एक तर मराठी मंडळींनीं मुंबईंत अर्धशतकाहून अधिक काळ चालविलें आहे.

लंडन येथें १९२५ सालीं आयव्हर माँटेग्यू प्रभृति तरुणांनीं ‘फिल्म सोसायटी’ स्थापिली. तिचे खेळ रविवारीं दुपारीं होत. आयझेन्स्टाइनकृत ‘बॅटलशिप पोटेम्किन’ हें रशियन चित्र इंग्लंडांत सर्वांस दाखविण्याची मनाई असतां १९२९ सालीं या सोसायटीच्या सभासदांनीं तें पाहिलें, आणि त्या वेळीं खुद्द कर्ता तेथें हजर होता. पुढें सत्यजित राय व चिदानंद दासगुप्त यांनीं १९४७ सालीं कलकत्त्यास मंडळ काढलें तेव्हां आरंभीं हेंच चित्र दाखविलें गेलें. ठिकठिकाणच्या मंडळांचा संघ १९५९ सालीं झाला व राय त्याचे अध्यक्ष झाले. त्या संघाच्या उभारणींत विजया मुळे या मराठी बाईंचा मोठा वांटा होता. पाटणें व दिल्ली या दोन्हीं ठिकाणीं त्यांनीं हें काम केलें. परंतु महाराष्ट्रांत त्यांचें नांव फारसें कोणी घेत नाहीं, याचें मला नवल वाटतें.

मुंबईंतील ‘प्रभात चित्र मंडळ’ १९६८ च्या जुलईंत निघालें. श्री. दिनकर गांगल व कै. सुधीर नांदगावकर हे त्याच्या संस्थापकांपैकीं. नांव कोठून आलें हें सांगावयास नकोच. कोल्हापुरास १९२९ सालीं जन्मलेली व १९३३ पासून पुण्यास नांदलेली प्रभात कंपनी १९५३ सालीं बंद पडली होती. मंडळानें तिचें नांव घेऊन एक ऋण फेडलें. मुंबईंत तत्पूर्वीं मंडळें नव्हतीं असें नाहीं. परंतु त्यांचा कारभार बहुतेक इंग्रजींत चाले. बर्गमनच्या किंवा कुरोसावाच्या चित्राविषयीं मराठींत बोलावें, मराठींत लिहावें, आणि तसें करतांना संकोच वाटूं नये, हें या मंडळानें मराठी मध्यमवर्गास शिकविलें. त्याच्या ‘वास्तव रूपवाणी’ या नियतकालिकानें तेंच काम कागदावर केलें.

अशा मंडळांची घडी कशी असे हें ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. चित्राचीं रिळें पत्र्याच्या डब्यांतून येत. कांहीं परदेशी वकिलातींकडून मिळत, कांहीं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांतून. हें संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें, आणि पी. के. नायर या केरळी गृहस्थानें जुनीं, टाकाऊ म्हणून विकावयास निघालेलीं रिळें शोधून शोधून तें भरलें. खेळापूर्वीं कोणी तरी उठून कर्ता कोण, देश कोणता, काळ कोणता, एवढें सांगे. कधीं तें छापलेल्या पानावर हातीं पडे. संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेंत सूत्रधार कवीचें व नाटकाचें नांव सांगतो त्याचाच हा वंशज. मग दिवे मालवत. शेवटीं चर्चा होई. ती कधीं रंगे, कधीं एकच विद्वान् सर्वांची वेळ खाऊन टाकी.

यांत एक गोष्ट झांकण्यासारखी नाहीं. सभासदांपुरत्या दाखविलेल्या परदेशी चित्रांस सेन्सॉरच्या कात्रींतून सूट असे, आणि कित्येकांनीं त्या काळीं वर्गणी भरली ती एवढ्यासाठींच. प्रारंभींचा विवस्त्र प्रसंग झाला कीं उठून जाणारे सभासद मंडळवाल्यांस चांगले ठाऊक होते. पुढें घरोघर दूरचित्रवाणी आली, मग व्हिडिओ आला, मग तबकड्या आल्या, आणि ही गर्दी ओसरली. देशांतील अनेक मंडळें मिटलीं. जीं टिकलीं त्यांस दुर्मिळ चित्र मिळवून देणें हा आपला मुख्य उपयोग आतां सांगतां येत नाहीं. पुण्यांत १९८५ पासून ‘आशय’ आहे, मुंबईंत ‘प्रभात’ आहे. तीं टिकलीं कशावर? माझ्या मतें त्या शेवटच्या तासावर.

भरताच्या नाट्यशास्त्रांत सिद्धीचा एक अध्याय आहे, सत्ताविसावा. प्रयोग साधला कीं नाहीं याचा निवाडा कोणीं करावा, असा तेथें प्रश्न आहे, आणि उत्तर मोठें मार्मिक आहे. यज्ञकर्म दाखविलें असेल तर याज्ञिकास विचारावें, वृत्ताविषयीं छंद जाणणारास, शब्दाविषयीं वैयाकरणास, शरसंधानाविषयीं धनुर्धरास, नृत्याविषयीं नर्तकास. या यादींत गणिकाहि आहे, आणि मुनींनीं तिचें नांव घेतांना कोठेंहि कांकूं केलेलें नाहीं. सर्व गुण एका प्रेक्षकाच्या ठायीं नसतात, असेंहि तेथें स्पष्ट म्हटलें आहे. म्हणजे एकट्यानें पाहिलेलें नाटक अर्धेंच पाहिलेलें असतें. उरलेलें शेजारच्या माणसापाशीं असतें, आणि तो बोलला तरच आपणांस मिळतें. अंथरुणावर पडून पाहणाऱ्यास हा शेजारी कोठून मिळणार?

आतां आमच्याकडील गोष्ट. भीमाशंकरच्या रानाखालच्या वाड्यापाड्यांतून चित्रगृह नाहीं. पूर्वीं चित्रपट आमच्या जिल्ह्यांत यात्रेच्या पाठोपाठ येई: ट्रक, तंबू आणि कर्कश कर्णा. महाराष्ट्रांतील या फिरत्या तंबूंवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नांवाचा एक माहितीपट झाला असून तो २०१६ सालीं फ्रान्समधील कान येथें दाखविला गेला. तंबूचा धंदा आतां बहुतेक मोडला आहे. अशांत तालुक्याच्या पश्चिमेकडील एका तरुण शिक्षकानें शाळेच्या वर्गांत महिन्यांतून एक चित्र दाखवावयाचें मनांत घेतलें आहे. यंत्र त्याच्यापाशीं आहे, भिंत पांढरी आहे. गांवच्या जाणत्यांनीं मात्र त्यास दोन अटी घातल्या आहेत: पुढें प्रतिष्ठितांसाठीं खुर्च्या असाव्यात, आणि मुलींनीं येऊं नये. त्यानें मजकडे सल्ला मागितला.

मी त्यास लिहिलें कीं दोन्हीं अटी नाकाराव्यात, आणि नाकारतां येत नसतील तर मंडळ काढूं नये. खुर्च्या आल्या कीं बोलण्याचा अधिकार खुर्चीवाल्यांकडे जातो, आणि मागें सतरंजीवर बसलेला महादेव कोळी तोंड उघडीत नाहीं. तो न बोलला तर मंडळाचें काय उरतें? ज्या गांवावरून आमच्या तालुक्यास नांव मिळालें तें आंबेगांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. ऋत्विक घटक यांच्या १९६० सालच्या ‘मेघे ढाका तारा’ या चित्रांत फाळणीमुळें उठून आलेल्या बंगाली कुटुंबाची कथा आहे. घर सुटणें म्हणजे काय याविषयीं त्या वर्गांत प्राश्निक कोण? मी नव्हे, माझें घर जागेवर आहे. मुलींचेंहि तेंच. संसाराचा सगळा भार वाहणारी नीता ज्या चित्राची नायिका, त्याचा निवाडा एकट्या पुरुषांनीं करावा हें हास्यास्पद आहे. रात्रीच्या येण्याजाण्याची चिंता खरी असेल तर खेळ दुपारीं ठेवावा. लंडनकरांनीं तेंच केलें होतें.

इतर सूचना व्यवहाराच्या आहेत. वर्गणी अल्प असावी, पण घ्यावी. किल्ली व हिशेब दोघांजवळ असावेत. मंडळें बहुधा काढणाऱ्याच्या बदलीबरोबर बुडतात. भाताच्या लावणींत व हिरड्याच्या हंगामांत खेळ ठेवूं नये, आणि आमच्याकडचा पाऊस ध्यानांत घेऊन आषाढ-श्रावण मोकळे सोडावेत. पैशाची भीति असेल तर केरळांतील ‘ओडेसा’ मंडळींकडे पाहावें: जॉन अब्राहम व त्यांचे सोबती गांवोगांव चित्रें दाखवून लोकांकडून पैसा गोळा करीत, आणि त्यांतून त्यांनीं १९८६ सालीं स्वतःचें एक चित्रहि काढलें.

जाणत्यांचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. दरम्यान पहिल्या चित्राविषयीं आमचा पत्रव्यवहार चालू आहे. मी ‘संत तुकाराम’ सुचविलें होतें. १९३६ चें तें चित्र, त्यांतील जिजाई व तिची म्हैस येथें कोणासहि समजावून सांगावी लागणार नाहीं. शिक्षकाच्या मनांत मात्र फाळक्यांचें १९१९ चें ‘कालिया मर्दन’ आहे, ज्यांत त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी कृष्ण झाली आहे. चित्र मूक असल्यामुळें मधल्या पाट्यांचा अर्थ मोठ्यानें मराठींत सांगणारें कोणी तरी हवें, आणि त्या कामासाठीं त्यानें सातवींतील एक मुलगी हेरून ठेविली आहे.