पूज्य गुरुजी, आपण कामगार नाही

तंजावरपासून दहा-बारा किलोमीटरवर कावेरीच्या काठी वसलेले तिरुवैयारु मराठी रसिकाला माहीत असते ते त्यागराजांच्या समाधीमुळे. पौष वद्य पंचमीची आराधना आणि दाटीवाटीने बसलेल्या गायक-वादकांनी मिळून गायिलेल्या पंचरत्न कृती आता घरबसल्या पाहता येतात. त्याच गावात एक महाविद्यालय आहे. त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही, आणि खरे तर ते आपल्या अधिक जवळचे. १८८१ साली संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेले हे ‘राजाज कॉलेज’. यातला राजा म्हणजे तंजावरचा मराठा राजा आणि पैसा भोसल्यांनी बांधलेल्या छत्रांच्या उत्पन्नाचा.

विद्यापीठे, महाविद्यालये आणि तिथल्या माणसांच्या मानेवरचा कायदा हा यंदाच्या आमच्या अंकाचा विषय. त्याची सुरुवात मुंबई-पुण्यातून न करता इतक्या दक्षिणेतून करण्याला कारण आहे. तंजावरचा कारभार १७९९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. त्यानंतर दुसऱ्या सरफोजीराजांना सर्वांत मोठी काळजी लागली ती छत्रांची. रामेश्वराच्या वाटेवरची ही छत्रे नुसती जेवणावळीची ठिकाणे नव्हती. १८०१ साली रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला पाठवलेल्या पत्रात राजांनी तिथे काय काय चालते ते सविस्तर सांगितले आहे. वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना वैद्य, पोरक्या मुलांचा सांभाळ आणि शिकवणारे पंतोजी, असा तो सगळा पसारा होता. राज्य गेले तरी हे मोडू नका, एवढेच मागणे. पत्राचा सूर विनवणीचा आहे, पण त्यातली मांडणी पक्क्या कारभाऱ्याची आहे. कोणत्या उत्पन्नातून काय चालते आणि कोणाला काय मिळते, हे लिहून ठेवलेले असले की राजा बदलला तरी पंतोजी उपाशी राहत नाही.

लिहून ठेवलेल्याचा असा उपयोग तिरुवैयारुत पुढे आणखी एकदा झाला. १९२०च्या दशकात जस्टिस पक्षाचे ए. टी. पन्नीरसेल्वम तंजावर जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष होते. तिरुवैयारुच्या पाठशाळेत तोवर संस्कृतच शिकवले जाई आणि तिचा लाभ एकाच समाजाला होई. पन्नीरसेल्वम यांनी मूळ दानपत्र काढून वाचायला लावले, त्यात विद्येसाठी दान असे आहे, अमुकच भाषेसाठी असे नाही, हे दाखवून दिले आणि तमिळचा वर्ग सुरू करवला, अशी हकिकत तिकडे सांगितली जाते. मराठ्यांच्या दानावर तमिळचे विद्वान तयार होऊ लागले! आज ज्याला कार्यालयीन भाषेत ‘कम्प्लायन्स’ म्हणतात त्याचा इतका सरळ आणि इतका परिणामकारक नमुना आमच्या तरी माहितीत दुसरा नाही. मूळ कागद काढून वाचायचा, एवढीच युक्ती.

पण तिरुवैयारुची कीर्ती या कागदाने झाली नाही. ती झाली त्यागराजांनी सरफोजीराजांचे बोलावणे आणि त्यासोबतचे द्रव्य नाकारले, या आख्यायिकेने. दारोदार उंछवृत्तीने तांदूळ मिळवायचा, शिष्यांना जेवू घालायचे, गाणे शिकवायचे. आख्यायिका सुंदर आहे आणि त्यागराजांच्या बाबतीत शोभणारीही आहे. आमची तक्रार आहे ती तिचा वापर करणाऱ्यांविषयी. गुरू म्हटला की तो निरिच्छ असलाच पाहिजे, आणि निरिच्छ आहे म्हटल्यावर पगार, ग्रॅच्युइटी, नेमणुकीचा कागद असल्या क्षुद्र गोष्टी त्याने विचारू नयेत, हे समीकरण आपल्याकडे संस्थाचालकांपासून न्यायासनापर्यंत सर्वांना पाठ आहे.

यात अतिशयोक्ती वाटत असेल तर गोव्यातला खटला पाहा. ए. सुंदरंबाळ या शिक्षिका करंझाळे इथल्या एका शाळेत होत्या. १९७५ च्या एप्रिलमध्ये त्यांना कामावरून कमी केले. त्यांनी औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली. मध्यंतरी १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या गाजलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थासुद्धा ‘उद्योग’ ठरवली होती, त्यामुळे आशा होती. १९८८ साली निकाल लागला. संस्था उद्योग असली तरी शिक्षक ‘कामगार’ नव्हे, असे न्यायालय म्हणाले. का? तर शिकवणे हे उदात्त कार्य आहे, ते अंगमेहनतीचे नाही, कारकुनीचेही नाही. म्हणजे त्याच इमारतीतला शिपाई आणि कारकून कामगार न्यायालयाची पायरी चढू शकत होता, आणि वर्गात उभी राहणारी बाई चढू शकत नव्हती, कारण ती फार थोर काम करत होती. तेरा वर्षांनी बाईंच्या पदरात पडला तो आदर. न्यायालयाला हे खटकले नाही असे नाही. शिक्षकांसाठी दाद मागण्याची वेगळी सोय सरकारने करावी, असे त्याच निकालात सुचवले आहे.

ग्रॅच्युइटीचे नाट्य त्याहून लांबले. १९७२ चा कायदा १९९७ च्या एप्रिलमध्ये शिक्षणसंस्थांना लागू झाला. २००४ मध्ये अहमदाबादच्या प्राथमिक शिक्षकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्या कायद्यातल्या ‘कर्मचारी’ शब्दात शिक्षक बसत नाही. संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती करून शिक्षकाला त्यात बसवले, तेही १९९७ पासूनच्या प्रभावाने. इथे पडदा पडायला हरकत नव्हती. पण २०१९ च्या जानेवारीत बिर्ला इन्स्टिट्यूटच्या खटल्यात जुन्याच निकालावर बोट ठेवून शिक्षकाला पुन्हा बाहेर काढले गेले. दुरुस्ती न्यायालयापुढे आलीच नव्हती! न्यायालयाने दोनच महिन्यांत स्वतःहून चूक सुधारली. मग खासगी शाळांनी दुरुस्तीलाच आव्हान दिले आणि ते २०२२ मध्ये फेटाळले गेले. १९९७ मध्ये निवृत्त झालेला प्राध्यापक तोवर हयात असेल तर ऐंशीच्या घरात पोचला असणार.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९ सप्टेंबर १९९१ च्या नियमांनी अधिव्याख्यातापदासाठी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा सक्तीची केली. आपली राज्यपातळीवरची सेट परीक्षा सुरू झाली ती १९९५ मध्ये. मधल्या काळात आणि नंतरही महाविद्यालये बंद ठेवायची नव्हती, म्हणून संस्थांनी जाहिराती दिल्या, निवड समित्या बसल्या, विद्यापीठांनी मान्यता दिल्या आणि ३ एप्रिल २००० पर्यंत हजारो जण नेट-सेटशिवाय रीतसर लागले. रीतसर हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. पुढची वीस वर्षे याच माणसांना ‘बिगर नेट-सेटवाले’ म्हणून ओळखले गेले. त्यांच्यातल्या कित्येकांच्या हाताखालून नेट-सेट झालेली पिढी बाहेर पडली, वेतननिश्चिती मात्र अडलेली. २०१३ मध्ये प्राध्यापकांच्या संघटनेने परीक्षांवर बहिष्कार टाकला. त्या बहिष्कारात विद्यार्थ्यांचे हाल झाले, हे आम्हाला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. सरकारने ७१ दिवसांचा पगार रोखला आणि तो मिळवण्यासाठी पुन्हा न्यायालय गाठावे लागले. २७ जून २०१३ च्या शासन निर्णयाने या सेवा नियमित झाल्या खऱ्या, पण त्या निर्णयाच्या तारखेपासून. एका माणसाने १९९३ पासून शिकवलेले सरकारच्या लेखी २०१३ मध्ये सुरू होते. नियम मोडला कोणी? नेमणाऱ्याने, मान्यता देणाऱ्याने आणि वेळेवर परीक्षा न घेणाऱ्याने. भरपाई दिली नेमलेल्याने.

अशा वेळी कोणता नियम खरा, हे तरी नक्की असावे. २०१५ च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्रास उच्च न्यायालयाकडून आलेल्या कल्याणी मथिवणन यांच्या अपिलात सांगितले की राज्याने स्वीकारले नसतील तर आयोगाचे नियम राज्याच्या विद्यापीठाला बांधत नाहीत, म्हणून मदुराईच्या कुलगुरुपदावरची त्यांची नेमणूक वैध. त्याच महिन्यात पी. सुशीला खटल्यात सांगितले की जुन्या पीएच.डी.धारकांनाही नेट लागू करण्याचा आयोगाला अधिकार आहे. २०२२ मध्ये गुजरातच्या सरदार पटेल विद्यापीठाच्या बाबतीत आयोगाचे नियमच श्रेष्ठ ठरले आणि कुलगुरूंना जावे लागले. वकिलांना या तिन्ही निकालांची संगती लावता येते. सोलापुरात किंवा तंजावरात अर्ज भरणाऱ्या उमेदवाराने ती कशी लावायची?

कुलगुरूंचेच आसन डळमळते, तिथे बाकीच्यांचे काय! १९८१ साली स्थापन झालेले तंजावरचे तमिळ विद्यापीठ मराठ्यांच्या मोडी कागदांवर काम करणारे म्हणून आम्हाला प्रिय आहे. तिथल्या कुलगुरूंना २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, निवृत्तीच्या तोंडावर, कुलपती या नात्याने राज्यपालांनी निलंबित केले. कुलगुरू कोणी नेमायचा यावर राज्यपाल आणि राज्य सरकार यांच्यात चाललेल्या ओढाताणीत २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि मे महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाची स्थगिती. वर हे चालू असताना खाली फायली हलत नाहीत, एवढे कोणत्याही विद्यापीठातला लिपिक सांगेल.

या सगळ्यात तळाशी आहेत आपल्याकडचे तासिका तत्त्वावरचे आणि तमिळनाडूतले मानद व्याख्याते. आयोगाने २०१९ मध्ये तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर सुचवला. दोन्ही राज्ये त्याच्या आसपासही फिरकली नाहीत. गुजरातमध्ये कंत्राटी सहायक प्राध्यापकांना तीस हजारांवर राबवलेले पाहून २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियमित पदाइतके किमान वेतन द्यायला लावले. समारंभात गुरूला ब्रह्मा-विष्णू म्हणणारा श्लोक म्हणून भागत नाही, असेही सुनावले. सुंदरंबाळ खटल्यापासून इथवर यायला सदतीस वर्षे गेली. आम्हाला या अंकात जे एकच म्हणायचे आहे ते न्यायालयाने आमच्याआधी म्हटले. त्याचा आनंद आहे.

मात्र पूज्यतेचा हा बुरखा प्राध्यापकवर्गालाही सोयीचा असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. २०१८ पासून वाङ्मयचौर्याचे नियम आहेत. प्रबंधात दहा टक्क्यांवर साम्य आढळले तर कारवाईच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. तरी मार्गदर्शक म्हणून सही करणारे किती जण प्रबंध वाचतात? विद्यार्थ्याला स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क २०११ मध्येच मान्य झाला, पण ती मागितली की अजून कपाळाला आठ्या पडतात. लैंगिक छळाच्या तक्रारींची समिती फलकावर असते, बैठकीच्या वहीत नसते. आणि बाहेरची कमाई? त्या वादावर तर एक अख्खी संस्था दुभंगली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी संस्थेबाहेर काम करावे का, पैसे घ्यावेत का, यावरून टिळक १८९० मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. टिळकांचा आग्रह टोकाचा होता, असे आमचे मत आहे. पण प्रश्न लेखी मांडून, त्यावर भांडून, किंमत मोजून ते गेले. आजचे प्राध्यापक शिकवणी वर्गाच्या फलकावर पत्नीचे नाव लावतात.

वाचकांत प्राध्यापक, ग्रंथपाल, विद्यापीठांतले लिपिक असे अनेक जण आहेत. त्यांना एक विनंती. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ याची प्रत मिळवा आणि निदान कलम ७९ ते ८१ वाचा. तक्रार निवारण समिती आणि न्यायाधिकरण यांची वाट तिथे आहे, आणि अपिलाची मुदत फक्त तीस दिवसांची आहे. नेमणुकीचे पत्र, मान्यतेचे पत्र, सेवापुस्तकातल्या नोंदी यांच्या प्रती घरी ठेवा. नव्याने रुजू होणाऱ्याला कोणी ‘पत्र नंतर देऊ, आपण घरचेच’ म्हणाले तर पत्र हातात पडेपर्यंत तासाला उभे राहू नका.