फेटा डोक्यावरच बांधा

लग्नसराई आली की मला फोन येतात, "शंभर फेटे तयार मिळतील का?" तयार म्हणजे शिवलेले, टोपीसारखे चढवायचे. मी ते देत नाही. मी फेटा बांधतो, आणि तो माणसाच्या डोक्यावरच बांधावा या मताचा आहे.

८-९ मीटर सुती कापड. एकाने टोक धरायचं, दुसऱ्याने चुण्या घालायच्या. शेमल्यापुरतं कापड पाठीवर सोडून पहिला वेढा कपाळावर घट्ट, पुढचे तिरके, एकावर एक. उरलेल्या टोकाचा तुरा. कपाळ रुंद असेल तर वेढा जरा खाली घ्यावा लागतो. शिवलेल्या फेट्यात हे कसं जमणार?

पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आनंदच आहे. पण पगडी घडवून ठेवायची वस्तू. फेटा सोडला की पुन्हा कापड. शेतकरी त्यानेच घाम पुसतो, भाकरी बांधतो, अडीनडीला पाणी शेंदतो.

सत्कार समित्यांनी हारांच्या खर्चातून बांधणाऱ्याची मजुरी काढावी. पाहुण्याला पाच मिनिटं खुर्चीत बसवावं. आणि टोक धरायला मांडवातल्या एखाद्या पोराला बोलवावं.