सर्च हाय की!

परवा कोल्हापूरचा एक आयटीवाला मित्र म्हणाला, "विद्यापीठाच्या लायब्ररीत कॅटलॉगर कशाला पायजे भावा? सर्च हाय, आता एआय बी हाय की!" डोक्यातच गेलं.

मंडळी, वि. स. खांडेकरांचंच घ्या. कोल्हापुरात राहिलेला, 'ययाति'साठी १९७४ चं ज्ञानपीठ मिळवलेला लेखक. आता एका नोंदीत 'वि. स.', दुसरीत 'विष्णु सखाराम', इंग्रजीत 'व्ही. एस.' असं आलं, तर मशीनला हे तीन लेखक. एआय अंदाज बांधेल हो, पण पुस्तक उघडून खात्री कोण करणार? कॅटलॉगर!

त्यात ड्युईची वर्गवारी. इंग्रजी साहित्याला ८२० ते ८२९ अशी अख्खी ओळ आणि मराठीला चिंचोळा ८९१.४६. त्यातच कविता, नाटक, कादंबरी वेगळी काढायची. आकडा चुकला की पुस्तक शेल्फवर असूनही हरवलं.

हेच आपण केलं की 'डेटा मॉडेलिंग', वर पॅकेज. तिथं मात्र 'कारकुनी'! गंमत म्हणजे, ग्रंथालयाच्या नोंदी कॉम्प्युटरला कळाव्यात म्हणून अमेरिकेत १९६० च्या दशकात 'मार्क' फॉरमॅट घडवला तो हेन्रिएट ॲव्हरम या प्रोग्रॅमर बाईंनी. त्यांनी आधी कॅटलॉगिंग समजून घेतलं. आपण ते न समजताच निकालात काढतोय.

वाचकाचा वेळ वाचवा, हा नियम रंगनाथनांनी १९३१ मध्येच घालून दिला. तो वाचवणाऱ्याची जागा रिकामी ठेवून नुसते सर्व्हर घेऊन काय होणार?

असो. सर्च हाय की भावा. पण सापडायला आधी कुणीतरी नीट ठेवायला लागतंय.