एका काशीत दोन तिजोऱ्या

काशीचा अमृतराव घाट आज ‘राजा घाट’ या नावाने ओळखला जातो. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव यांनी १८०३ मध्ये कंपनी सरकारशी करार केला आणि वार्षिक सात लाखांच्या तनख्यावर उत्तरेत बस्तान बसविले. या घाटावर त्यांचे अन्नछत्र होते. विद्यार्थ्याच्या पोटाची सोय धन्याने करावयाची, हाच तेव्हाचा उच्चशिक्षणाचा अर्थसंकल्प. कंपनीनेही तोच कित्ता गिरविला. जोनाथन डंकन याने १७९१ मध्ये काशीत संस्कृत पाठशाळा काढली. पेशवाई बुडाल्यावर दक्षिणा निधीतून १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात तशीच पाठशाळा निघाली.

पैसा कोणाच्या तिजोरीतून येतो, हा प्रश्न त्याच शहरात आजही ठळकपणे दिसतो. घाटाच्या दक्षिणेस १९१६ चे बनारस हिंदू विश्वविद्यालय आहे. त्याचा भार केंद्र सरकार उचलते. डंकनच्या पाठशाळेतून पुढे आलेले संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय आणि महात्मा गांधी काशी विद्यापीठ यांना मात्र लखनौकडे पाहावे लागते. गंमत अशी, की काशी विद्यापीठ १९२१ मध्ये जन्मले तेच सरकारी पैसा नको म्हणून. पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठही त्याच साली, त्याच असहकाराच्या लाटेत निघाले.

हा भेद महाराष्ट्राला अधिक बोचतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील केंद्रीय विद्यापीठे उत्तर प्रदेशात अलीगढ, बनारस, लखनौ आणि २००५ पासून अलाहाबाद अशी चार आहेत. महाराष्ट्रात वर्ध्याचे हिंदी विश्वविद्यालय हे एकच. पवईच्या आयआयटीचा हवाला देऊन हा हिशेब मोडता येत नाही. तशी संस्था कानपुरातही आहे, आणि नांदेडचा बी.ए., बी.कॉम.चा विद्यार्थी पवईला जात नाही. निती आयोगाच्या २०२५ च्या अहवालानुसार देशातील ८१ टक्के विद्यार्थी राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांत आहेत.

खरी अडचण वेतनाची आहे. श्रेणी दिल्लीत ठरतात, देयक मुंबईत पोचते. सहाव्या आयोगाच्या वेळी वाढीव बोजापैकी ८० टक्के केंद्राने उचलले, पण मार्च २०१० पर्यंतच. सातव्याच्या वेळी ५० टक्के, तेही मार्च २०१९ पर्यंत. पुढचा सारा भार राज्यावर. थकबाकी आणि नेट-सेटच्या प्रश्नांवरून महाराष्ट्रातील प्राध्यापकांनी २०१३ मध्ये परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला होता, तो या व्यवहारापासून वेगळा काढता येत नाही. त्यातून निघालेली पळवाटही परिचयाची आहे: पद रिक्त ठेवावयाचे आणि तासिका तत्त्वावर माणूस नेमावयाचा.

युरोपातही हे दोन्ही नमुने आढळतात. फ्रान्समध्ये विद्यापीठांचा मुख्य भार पॅरिसच्या तिजोरीवर असतो. जर्मनीत विद्यापीठे घटकराज्यांची, म्हणून भारताची तुलना तिच्याशीच व्हावी. तेथे २०१४ अखेरीस घटनादुरुस्ती करून विद्यापीठांना दीर्घकालीन साहाय्य देण्याची वाट संघ सरकारला मोकळी केली गेली. २०१५ पासून विद्यार्थी-साहाय्यातील राज्यांचा वाटाही संघाने आपल्याकडे घेतला. राज्यांचे वर्षाला सुमारे १.१७ अब्ज युरो वाचले. काही राज्यांनी ते अन्यत्र वळविले, अशी टीका झालीच. तथापि भार खरोखर हलला.

भारतात १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले. अधिकार वाटला गेला, खर्च नाही. २०२३ च्या ‘पीएम-उषा’ योजनेत तीन वर्षांसाठी, साऱ्या देशाकरिता, १२,९२६ कोटी रुपये ठेवले गेले. त्यासाठीही आधी राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीचा करार करावा लागला.

आता २०२५ मध्ये न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग नेमला गेला आहे. आजवरचा शिरस्ता पाहता त्यामागोमाग प्राध्यापकांच्या श्रेणीही बदलतील. केंद्राचा वाटा किती टक्के आणि कोणत्या तारखेपर्यंत, ही बोलणी महाराष्ट्राने अहवाल येण्याआधीच दिल्लीत सुरू करावयास हवीत.