भाडे अंतराचे नव्हे, तारखेचे

एस. टी.चे भाडे टप्प्यांवर ठरते. जितके टप्पे, तितके पैसे. हा हिशेब आपल्या अंगवळणी इतका पडला आहे, की लेक परदेशी गेली की आईवडील पहिला प्रश्न करतात, "लंडनचे भाडे किती हो?" वाचकहो, या प्रश्नाला उत्तर नाही. "कधीचे?" हा उलट प्रश्न मात्र आहे.

एके काळी उत्तर होते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून कैरो-जिनीव्हामार्गे लंडनला निघाले. त्या काळी आंतरराष्ट्रीय भाडी 'आयाटा' या विमानकंपन्यांच्या संघटनेत ठरत. पुढे १९७८ साली अमेरिकेने आपल्या देशांतर्गत विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा केला, आणि हळूहळू जगभर नवा रिवाज पडला. आज एकाच विमानात, एकाच वर्गातल्या खुर्च्या अनेक भावांनी विकल्या जातात. स्वस्त खुर्च्या संपल्या, की त्याहून महागांची पाळी. मंडईत संध्याकाळी कोथिंबीर स्वस्त होते. विमानाच्या बाजारात बहुधा उलटे. अखेरच्या घटकेला येणारा माणूस अडलेला असतो, हे विकणारा पुरते ओळखून असतो.

मग स्वस्ताई शोधावी कुठे? माझे म्हणणे असे, की आपल्या सोयीचे पंचांग क्षणभर मिटावे आणि दुसऱ्यांच्या सुट्ट्यांचे उघडावे. इंग्लंडातल्या शाळा जुलैअखेर बंद होतात, त्या सप्टेंबरात उघडतात. आखाती देशांत शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टात. अमेरिकेला शिकायला जाणारी आपली मुले ऑगस्टात निघतात. नाताळ तर सगळ्यांचाच. शिवाय गर्दीला दिशा असते. डिसेंबराच्या मध्याला लंडनहून मुंबईकडे येणारी विमाने भरतात, आणि जानेवारीच्या आरंभी तीच मंडळी उलट्या दिशेने परततात.

आमच्या शेजारच्या वहिनींची लेक लंडनला. बाळंतपण जानेवारीच्या मध्याला, म्हणून वहिनींचा बेत त्या महिन्याच्या ४ तारखेला निघण्याचा. भाडे ऐकून बिचाऱ्या बसल्याच.

मी म्हटले, "वहिनी, नाताळाला इकडे आलेली मंडळी त्याच आठवड्यात परतणार. त्यांच्या रांगेत तुम्ही कशाला?"

"म्हणजे काय भावोजी, बाळ माझ्या तिकिटासाठी थांबणार आहे होय?"

"बाळ थांबायचे नाही. पण तुम्हाला आधी जाता येईल ना? डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात निघा, मार्चात या."

इंग्लंडचा अभ्यागत व्हिसा सहसा एका भेटीत ६ महिन्यांपर्यंत राहू देतो, तेव्हा तीही अडचण नव्हती. वहिनी डिसेंबरातल्या एका बुधवारी गेल्या. भाडे पुष्कळ वाचले. पण सांगायची गोष्ट ती नव्हे. बाळाने ठरल्या तारखेची वाट पाहिली नाही. ते २ जानेवारीलाच आले, आणि आजी उशाशी होती.

आता थोडे व्यवहाराचे. भाडी शोधण्याच्या संकेतस्थळांवर महिन्याचे कॅलेंडर दिसते; त्यात रोजचा भाव मांडलेला असतो. दोन-तीन दिवस मागेपुढे सरकून पाहावे. भाव बदलला की कळवण्याची सोयही असते. ती लावून ठेवावी. अमुक वारी मध्यरात्री तिकीट काढले की स्वस्त पडते, या गप्पांवर झोपमोड करू नये. तिकीट कोणत्या वारी काढले यापेक्षा प्रवास कोणत्या वारी केला, याला महत्त्व अधिक. सणासुदीला जायचेच असेल, तर काही महिने आधी तिकीट काढावे.

स्वस्त तिकीट हाती आले, की बेरीज पुन्हा करावी. त्यात सामान धरले आहे का? नसेल, तर चकल्या-लाडवांची बॅग वाचलेले पैसे खाऊन टाकते. दोन कंपन्यांची दोन वेगवेगळी तिकिटे जोडली आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसरी कंपनी सहसा तुमची वाट पाहत नाही. नवे तिकीट तुमच्या खिशातून. काही देशांत नुसते विमान बदलायलाही व्हिसा लागतो, तेव्हा मार्गातला देश आधी तपासावा. आणि व्हिसा हाती नसताना पैसे परत न मिळणारे तिकीट घेणे म्हणजे मुलगी पसंत पडण्याआधी मांडव घालणे!

एक प्रवास मात्र या साऱ्या हिशेबाबाहेरचा. परक्या मुलखात राहणाऱ्या मुलाला एके रात्री फोन येतो, "बाबांचे काही खरे नाही, निघ." त्या तिकिटाला हंगाम नाही, वार नाही, मिळेल त्या भावाने ते काढायचे असते. म्हणून म्हणतो, लग्नकार्य, सहल, बाळंतपण, जिथे जिथे तारीख वाकते तिथे ती जरूर वाकवा, आणि वाचलेले पैसे बाजूला ठेवा. न वाकणारी तारीख कोणाच्या घरी केव्हा येईल, हे कोणतेच कॅलेंडर दाखवत नाही.