दुभाष्याची फजिती

परधर्माच्या उपासनेस आपण गेलों होतों, हें सांगण्यास आमच्यासारख्या घरांत अजूनही संकोच वाटतो. परंतु त्या एका दिवशीं मी जें शिकलों, तें साऱ्या मास्तरकींत दुसरीकडे कोठेंही शिकावयास मिळालें नाहीं. म्हणून या महिन्यांत तीच हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

पश्चिम खानदेशांत, विशेषतः नवापूर-नंदुरबारकडे, विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्कँडिनेव्हिअन व अमेरिकन मिशनरी येऊन राहिले. त्यांच्या मागें पाड्यापाड्यांवर लहान चर्चें उभीं राहिलीं. मी १९८८ सालीं नवापूर तालुक्यांत शिक्षक होतों. नंदुरबार जिल्हा १९९८ सालीं वेगळा झाला. त्यापूर्वीं हा मुलूख धुळें जिल्ह्यांतच मोडे. त्या वर्षीं दिवाळीनंतर एका पाड्यावर हंगामाच्या उपकारस्तुतीचा सण होता व परदेशांतून एक तरुण मिशनरी पाहुणे आले होते. त्यांस मराठी येईना, गांवकऱ्यांस इंग्रजी येईना. तेथील पाळक अगत्यानें म्हणाले, "गुरुजी, तेवढें दुभाष्याचें काम आपण कराल का?" नाहीं म्हणवेना.

कौलारू इमारत, सारवलेली जमीन. एकीकडे पुरुष, एकीकडे स्त्रिया. पुढें नव्या भाताच्या पाट्या, नागलीचीं कणसें, भोपळे व पाय बांधलेली एक कोंबडी. ढोलकीवर गाणें झालें आणि पाहुणे बोलण्यास उठले. विषय बायबलांतील पेरणाऱ्याचा दृष्टांत. वाटेवर पडलेलें बी पाखरांनीं खाल्लें, खडकावरचें वाळून गेलें, चांगल्या जमिनींतलें फळास आलें.

पाहुण्यांचें इंग्रजी सोपें होतें. माझें मराठी मात्र सोपें नव्हतें. परक्या माणसापुढें बोलतांना संस्कृताचा अभिमान जागा झाला. मीं 'कृषीवल' म्हटलें, 'बीजवपन' म्हटलें, 'पाषाणमय भूमि' म्हटलें. ज्यांचें आयुष्य पेरण्यांत गेलें, त्यांस त्यांचाच धंदा ओळखूं येऊं नये अशी मीं व्यवस्था केली! मंडळी आदरानें ऐकत होती. तो आदर म्हणजेच आकलन असें मी समजलों.

उपासना संपल्यावर एका म्हातारीनें शेजारच्या मुलास कांहीं विचारलें. मुलगा माझ्याच आठवीच्या वर्गांतला. शेवटच्या बाकावर बसणारा, सहामाहींत एकदांही तोंड न उघडलेला. त्याच्या नांवापुढें मीं 'मंदबुद्धि' असा शेरा लिहिला होता. त्यानें मावचींत, हातवारे करीत, सारा दृष्टांत दोन मिनिटांत सांगितला. म्हातारी हंसली व कांहीं बोलली. मीं विचारतांच तो मान खालीं घालून म्हणाला, "गुरुजी, आजी म्हणते, आमची तर सगळी जमीन खडकावरच आहे. तिथंही नागली येते. पाहुण्यांना सांगा."

मीं सांगितलें. पाहुणे क्षणभर स्तब्ध झाले, मग आजीपुढें हात जोडून म्हणाले, "हें मला कोणत्याही विद्यालयांत शिकविलें नव्हतें."

धर्मांतराविषयीं माझें मत प्रतिकूल होतें व आजही तें बदललेलें नाहीं. पण भाषेच्या बाबतींत त्या लोकांपैकीं जे थोर होते, त्यांच्यापुढें नम्र व्हावेंच लागतें. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला, साष्टींतील खेड्यांत राहिला आणि १६१६ सालीं त्याचें ओंवीबद्ध मराठी 'क्रिस्तपुराण' छापून निघालें. दहा हजारांवर ओंव्या लिहिणाऱ्यानें आधीं किती ऐकलें असेल! पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. तेव्हां मराठी चर्चांत बरींच गीतें इंग्रजीवरून उतरवलेलीं व विलायती चालींवर म्हटलीं जात. टिळकांनीं तेथें भजन आणि कीर्तन नेलें. सांगावयाचें तें ऐकणाऱ्याच्याच वाणींत सांगावें, हें त्या दोघांस कळलें होतें.

मी तर परदेशांतून गेलेलों नव्हतों. चार वर्षें त्या लोकांत राहिलों, त्यांच्या मुलांस शिकविलें, आणि मावचीस 'अशुद्ध' म्हणून बाजूस सारिलें. मुलगा मराठीही जाणत होता, मावचीही. मंद कोण होतें?

दुसऱ्या दिवशीं मीं तो शेरा खोडला आणि मधल्या सुट्टींत त्याच्यापाशीं बसून शब्द विचारूं लागलों. तो हळूहळू बोलूं लागला, कधीं माझ्या उच्चारांस हंसूंही लागला. पण महिन्याभरांत त्याचा बाप कुटुंबासह ऊसतोडीस गुजरातेंत गेला. मुलगा पुन्हां शाळेंत आला नाहीं. चूक उमगली, ती सुधारण्याचा आरंभही झाला. परंतु ज्याची भरपाई करावयाची तोच निघून गेला.

ती वही अजून माझ्या पेटींत आहे. तींत साठएक शब्द आहेत. पहिला शब्द 'बी' या अर्थाचा आहे. तो त्यानें सांगितला व मीं शिष्याप्रमाणें लिहून घेतला.